तिसऱ्या शेडचा बलक

कोंबड्यांच्या रोगतपासणीच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या बाकावर दीर-भावजय बसले होते. तिने फोन ठेवला आणि मांडीवरचा रिपोर्ट उघडला.

"आई काय म्हणाली, वहिनी?"

"छकुलीला सकाळपासून चार वेळा जुलाब झालेत. दात येत असतील, म्हणाल्या."

"तेच असणार. रिपोर्ट वाचा."

"चांगला आहे की, भावजी! अंड्यातून माणसाला बाधणाऱ्या त्या जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं बलकात सापडलीत. तिन्ही शेडमध्ये. लस लागू पडली म्हणायची."

"तिन्ही? नीट बघा. तिसऱ्यात नसणार."

"तिसऱ्यात तर सगळ्यात जास्त आहेत. का नसणार? लस तुम्हीच टोचलीत ना?"

"त्या दिवशी फ्रिज बंद पडला होता. तिसऱ्या शेडची लस खराब झाली, मी फेकून दिली. दादा फाडून खाईल म्हणून बोललो नाही."

"मग लसीशिवाय कोंबड्या लढायला शिकल्या कशा?"

"जंतू अंगात शिरल्याशिवाय नाही शिकत, वहिनी."

"पण कोंबड्या तर टुणटुणीत आहेत!"

"त्यांना काही होत नाही. खाणाऱ्याला होतं."

"घरात अंडी तिसऱ्या शेडचीच येतात."

"पूर्ण उकडलं की जंतू मरतात. घाबरू नका."

"छकुलीला मी रोज अर्धकच्चा बलक भरवते. तुम्ही लस टोचलीत म्हणून निर्धास्त होते."

"उठा, वहिनी. गाडी काढतो."

"भावजी, दातच येतायत ना हो तिला?"