शाडूचा उंदीर आणि माझी झोप

नाय हो, झोपलो नव्हतो! डोळे मिटले म्हणजे माणूस झोपला, असं कुणी सांगितलं तुम्हाला? अहो, मिटून मिटून पापण्यांना घट्टे पडलेत माझ्या, पण झोप... झोप कुठाय? बसा, बसा इथंच कठड्यावर, कंपनीची गाडी यायला वेळ हाय. आणि माझ्याशी जरा बोलत राहा, नायतर मी ह्या रोह्याच्या नाक्यावरच कलंडायचो आणि गाडी मला टाकून धाटावला निघून जायची... आणि आज नाय चालणार हो तसं! आज रात्री मोठे साहेब स्वतः आमच्या पंपहाउसला फेरी मारणार, आणि कंत्राटावरच्या कुणाला कायम करायचं ते ठरवणार. किती वर्षं वाट बघितली ह्या एका रात्रीची, आणि डोळे बघा माझे... बघा, जवळून बघा, घाबरू नका! आधीच डुलकी घेताना दोनदा पकडलाय मला आमच्या इनचार्जनं. 'नितेश, तिसऱ्यांदा दिसलास ना, तर कायमचा घरी झोप!' आता ह्या माणसाला काय सांगू? साहेब, घरीच तर झोप नाय! मी मागतो काय? बंगला मागतो? बुलेट मागतो? झोप मागतो हो, झोप!

कुणामुळं म्हणून काय विचारता? फिल्टरमुळं! प्यायच्या पाण्याचा नव्हे, माशांच्या पाण्याचा. आमच्या लेकीनं, मनस्वीनं, वाढदिवसाला काचेची पेटी मागितली. मासे चार. तीन सोनेरी आणि एक काळा... डोळे बाहेर आलेला, दिवसभर तोंड उघडं टाकून एका जागी तरंगणारा. रोहिणी, म्हणजे आमची बायको, म्हणते, 'अहो, हा अगदी तुम्ही नाइट करून येता ना, तस्साच दिसतो!' हसा, तुम्ही पण हसा.

आता म्हणाल, पेटी बेडरूममध्ये कशाला? कारण हॉलमध्ये ऊन, आणि स्वयंपाकघरात आई! आई आमची माहेरची खाडीकाठच्या गडब गावची, सगळा जन्म मासळीवर गेलेला. मासा म्हटलं की तिचे प्रश्न दोनच... ताजा हाय का, आणि वाटा केवढ्याला? पेटी घरात आली त्या दिवशी तिनं काचेला नाक लावलं, निरखून निरखून बघितलं आणि म्हणते, 'काय गो रोहिणी, जिवंतच आणलंस? बरा केलास. पन चार मासं पुरतील काय आपल्याला?' झालं! मनस्वीनं जे भोकाड पसरलं, ते खालच्या मजल्यावरची माणसं कोण गेलं म्हणून विचारायला वर आली. म्हणून पेटी बेडरूममध्ये, माझ्या खाटेच्या उशाशी, कारण घरात कडी लागणारं दार तेवढंच.

आणि त्या पेटीत तो फिल्टर. काळा, मुठीएवढा. काम काय, तर पाणी ओढायचं, गाळायचं आणि वरून परत सोडायचं. आणि आवाज? गुर्रर्र... टुक! गुर्रर्र... टुक! गुर्रर्र म्हणजे मोटर. ती चालली असती हो, माझं सगळं आयुष्य पंपांच्या गुर्रर्रमध्ये गेलं... पण तो टुक! टुक म्हणजे वरून पडणारा पाण्याचा थेंब. आणि तो वेळेवर पडेल तर शपथ! तुम्ही पडल्या पडल्या वाट बघता, आता पडेल... आता पडेल... नाय पडत. सुटलो म्हणून कूस बदलता... टुक! सगळं जग दिवसा कामाला जातं आणि मी दिवसा झोपायला जातो, त्यात हा टुक! मी मागतो काय? सांगा तुम्ही!

गेलो मग बाजारात, उबेदकडं. उबेद म्हणजे ज्यानं पेटी विकली तो. म्हटलं, उबेदभाय, मी झोपेपुरता बंद करून ठेवतो तुमचा फिल्टर. त्यानं दोन्ही हात कानाला लावले. 'तोबा तोबा! नितेशभाय, फिल्टर बंद म्हंजे त्यांची हवा बंद. तुमच्या नाकाला कुनी बूच लावला तर?' म्हटलं, लाव की बाबा, मेल्यावर तरी झोपीन! 'अवो, सोपा हाय. पानी वरपर्यंत भरा. थेंबाला पडायला जागाच नाय ठेवली तर पडंल कुठनं?' पटलं. घरी आलो, काठोकाठ पाणी भरलं. आणि टुक गेला! खरंच गेला, तुम्हाला सांगतो! उशीवर डोकं टेकलं, डोळा लागतोय न लागतोय तोच... थप्प! गालावर काहीतरी गार, बुळबुळीत... काळा मासा! काठोकाठ पाणी बघून त्यानं मारली उडी, ती थेट माझ्या उशीवर. आता मी त्याच्याकडं बघतोय, तो माझ्याकडं बघतोय, दोघांची तोंडं उघडी, दोघांना हवा पायजे... कुणी कुणाला पाण्यात टाकायचं तेच कळेना! पाणी परत खाली आलं. टुक परत वर आला.

बरं, लाइट जाते की नाय आपल्याकडं? लाइट गेली की सगळं रोहा शिव्या घालतं, मी एकटा हात जोडतो. पंखा बंद तर बंद, घाम येऊ दे, पण गुर्रर्र बंद, टुक बंद! एका रविवारी अशीच गेली, मी देवाचं नाव घेऊन आडवा झालो, तर मनस्वी पाय ओढतेय. 'पप्पा, उठा ना! फिल्टर बंद पडलाय, त्यांना श्वास घेता येत नाय, पाणी हलवा!' मग काय? बाप पेटीशी उभा, हातात कप, कपानं पाणी घेतोय, वरून सोडतोय, घेतोय, सोडतोय... गुर्रर्र तेवढं तोंडानं काढायचं बाकी होतं. लाइट येईपर्यंत मीच फिल्टर!

शेवटी आमच्या कंपनीतला फिटर, कमळाकर, त्याला घरी आणला. त्यानं पेटीला कान लावला, डोळे मिटले, नाडी बघतात तसं काचेवर बोट ठेवलं. म्हणतो, 'नितेश, पंप बरोबर हाय, फाउंडेशन नाय! ह्याला खाली बूड नाय, म्हणून थरथरतोय. आणि वरनं पडणारं पाणी उघड्यावर पडतंय. ह्याला आत घट्ट बसव, जड काहीतरी पायजे, आणि थेंबाला उतार दे.' म्हटलं, असलं जड बूड आणायचं कुठून? तर रोहिणी म्हणाली, 'अहो, आमचा सखा हाय ना!'

सखा म्हणजे माझा मेहुणा. जोहे गावचा. गणपतीचा कारखाना हाय त्याचा, हातात अशी कला की चिखलाला नुसतं बोट लावलं तरी सोंड फुटते. त्याला फोन केला. 'भावोजी, जड बूड, आत पोकळ, वरून उतार? माझ्यावर सोडा!' आणि रविवारी आला की हो टोपली घेऊन. आत काय? उंदीर! बाप्पाचा उंदीर, मागच्या पायांवर बसलेला, हातात मोदक, पोट पोकळ, फिल्टर आत असा बसावा जसं काय त्याचं काळीज. वरचं पाणी पाठीवरून घसरत शेपटीवरून अलगद खाली... थेंबाला पडायला वावच नाय! जिवंत वाटत होता हो. डोळ्यांत तेज असं की मांजर बघेल तर पळेल.

आणि आता नीट ऐका. सखाचं एक पेटंट वाक्य हाय. प्रत्येक गिऱ्हाइकाला मूर्ती देताना बोलतो, छाती पुढं काढून. तो उंदीर माझ्या हातात देताना पण बोलला. 'शुद्ध शाडू, भावोजी! सकाळी पाण्यात सोडा, संध्याकाळी नावनिशाण नाय. गॅरंटी!' मी मान डोलावली. रोहिणीनं मान डोलावली. आईनं उंदराला हळदकुंकू लावलं. मोठी, शहाणी, अन्न खाणारी माणसं आम्ही... एकाच्या तरी डोक्यात उजेड पडावा? नाय! मी तो उंदीर नेला आणि स्वतःच्या ह्या हातांनी पाण्यात सोडला!

पण तुम्हाला सांगतो, झोप लागली. आधी टुक गेला. मग गुर्रर्र मऊ झाला, आणखी मऊ, आणखी मऊ... आणि मग काहीच नाय. अहाहा! कितीतरी दिवसांनी मला स्वप्न पडलं. स्वप्नात मी कायम झालोय, इनचार्ज मला चहा देतोय, मी बशीत ओततोय... आणि 'पप्पा! पप्पा, पाण्याचा चहा झाला!' मनस्वी किंचाळत होती. उठून बघतो तर पेटीत चहा! दुधाचा, दाट! मासे नाय, उंदीर नाय, फिल्टर नाय... काचेआड नुसती शाडू. एक मोदक तेवढा काचेला चिकटून होता, तो पण माझ्यासमोर विरघळला. फिल्टरच्या पोटात चिखल जाऊन तो गप्प झाला होता, म्हणून मला झोप लागली होती! सखाला फोन लावला. म्हटलं, अरे सखा, उंदीर गेला! तर पलीकडून आनंदानं म्हणतो, 'बघा! बोललो होतो ना भावोजी, गॅरंटी!'

चिखलात हात घालून एकेक मासा शोधला. चौघेही जिवंत, काळा तर माझ्याच बोटाला धरून बाहेर आला. ठेवायचे कुठं? आई आली पातेलं घेऊन. तिचं कालवणाचं पातेलं! पण इलाज होता काय? आणि आता ते चिखलाचं पाणी मोरीत ओतायला घेतलं, तर आई दारात आडवी. 'खबरदार! बाप्पाचा उंदीर हाय त्यो! मी हळदकुंकू लावलाय त्याला. मोरीत वततोस? नदीवर ने!' घ्या! माणसं गणपती विसर्जनाला नेतात. मी डोळ्यांत चिपाडं घेऊन, हातात दोन बादल्या, कुंडलिकेवर उंदीर घेऊन चाललोय, मागं मनस्वी मोरया म्हणतेय, आणि रस्त्यातला प्रत्येक माणूस विचारतोय, 'आज कसलं विसर्जन?' काय सांगू? माझ्या झोपेचं!

परत येतो तर जिन्यात लसणीच्या फोडणीचा वास... पातेलं! म्हटलं, नितेश, पोरीला काय तोंड दाखवशील? धावत वर गेलो. गॅसवर सुक्या बोंबलाचं कालवण शिजत होतं. आणि आई खाली, जमिनीवर, दुसऱ्या पातेल्यासमोर बसली होती, हातात कप. पाणी घेते, वरून सोडते, घेते, सोडते. मला म्हणते, 'कवापासून हलवतंय रे. मनस्वी बोलली, पानी हललं नाय तर गुदमरतात बिचारी. ह्यो काळा बघ, कसा माझ्याकडं बघतोय... तुझ्या बापासारखा.' तुम्हाला सांगतो, जिनं जन्मभर मासा पातेल्यात शिजवला, ती मासा पातेल्यात जगवत बसली होती.

दुसऱ्या दिवशी उबेदकडनं नवा फिल्टर आणला. 'ह्याचा आवाज ऐकू आला नितेशभाय, तर दुकानाला कुलूप!' आणि खोटं नाय सांगणार, त्याचा आवाजच नाय. कान लावला, नाय. काचेला हात लावला, नाय. म्हटलं, जिंकलो! आज सकाळी नाइट संपवून आलो, आंघोळ केली, पोटभर जेवलो, आज रात्री साहेब येणार, म्हणजे आजची झोप म्हणजे माझी नोकरी... आणि टॉवेल खांद्यावर टाकून बेडरूमचं दार उघडलं.

खाटेवर आई.

माशांना बघायला म्हणून आली होती. आता ती दिवसभर त्यांच्याशी बोलते हो, 'खाल्लंस काय गो? बोलत का नायस गो?' बघता बघता माझ्या उशीवर आडवी झाली आणि डोळा लागला. एक हात काचेवर, आणि आत तो काळा तिच्या बोटापाशी तोंड उघडं टाकून उभा. बाबा गेले तेव्हापासून ही बाई दिवसा कधी आडवी झाली नव्हती. रात्रीसुद्धा तिला झोप अशी नसायची, आम्हाला ठाऊक हाय ना. चेहरा असा शांत... मी म्हटलं, झोपू दे. मी आपला खाली चटई टाकून पडतो. पडलो. डोळे मिटले. आणि...

गुर्रर्र...

उठून बसलो! फिल्टरला कान लावला. तो गप्प. मग कुठनं? तर आई! घोरतेय! आणि श्वास सोडताना तिची कवळी वर जाऊन खाली पडते... टुक! गुर्रर्र... टुक! गुर्रर्र... टुक! अस्सल तोच सूर, तोच थेंब, वेळेवर न पडणारा! हॉलमध्ये जाऊन पडलो, भिंतीतून ऐकू येतंय. कानात कापूस घातला, कापसातून ऐकू येतंय. आता काय करू, सांगा! पाण्याची पातळी वाढवू? कमळाकरला बोलावून आईचं फाउंडेशन बघू? फिल्टरला निदान एक प्लग तरी असतो हो! आणि उठवू कसं तिला? तुम्ही उठवली असती?

ती बघा, गाडी आली आपली. माझी पिशवी द्या जरा. आणि गाडीत मला चिमटे काढा, लाजू नका. रात्री साहेब आले आणि मी पंपाला टेकून सापडलो, तर समजा नितेश गेला. पण देवाला दोष नाय हो माझा. मी मागितलं काय? झोप मागितली. त्यानं दिली. घर बरोबर, खोली बरोबर, खाट बरोबर, उशीसुद्धा माझीच...

फक्त माणूस चुकला!