डाव्या हाताचं अक्षर

घरच्या अभ्यासानं पोरं सुधरतात म्हणता? मग आमच्या स्वराचं ऐका.

दुसरीत आहे. जन्मापासून बोटं आखडलेली, एक ओळ लिहिली की हात धरून रडते. तरी शाळेतून रोज पानंच्या पानं. बाईंना सांगितलं तर म्हणे, "सगळ्यांना सारखाच नियम." शेवटी बायकोच लिहायला लागली, अन् तेही डाव्या हातानं, म्हणजे अक्षर पोरीचंच वाटावं.

परवा बाईंनी आम्हा तिघांना बोलावलं. लई खूश होत्या. "बघा, सवय लावली की जमतं! तिला वर्गात हात धरून शिकवायला वेगळ्या मॅडम येतात ना, त्यांच्या यादीतून तिचं नाव काढलंय मी. आता गरज नाही."

बायको घाईनं पुढं झाली. म्हणाली, "बाई, ते मी लिहिलंय हो."

बाई हसल्या. "इतकं वाकडंतिकडं? काहीतरीच! पोरीवर जरा विश्वास ठेवा."

मी काही बोलायच्या आत त्यांनी पुढच्या पालकांना हाक मारली.

गेटबाहेर स्वरानं आईचा डावा हात घट्ट धरला. "आई, उद्यापासून वर्गात लिहायला तू येशील ना?"