टाळ्यांची जागा

(सभागृहामागची छोटी खोली. व्याख्यानाचं मध्यंतर. वक्ता भाऊ, त्याची मोठी बहीण ताई आणि ताईची सतरा वर्षांची मुलगी चिमणी. मायलेकी न कळवता व्याख्यान ऐकायला आल्या होत्या.)

ताई : दार लाव आधी.

भाऊ : अगं, येणार होतीस तर फोन तरी करायचास! पुढच्या रांगेत बसवलं असतं दोघींना. पाणी घेतेस?

ताई : पाणी नको. फोन केला असता, तर आज ती गोष्ट सांगितली नसतीस ना?

भाऊ : कुठली गोष्ट?

ताई : माझ्याकडून वदवून घेऊ नकोस.

चिमणी : मामा, ते बाळ मी आहे का?

भाऊ : हे बघ चिमणे, व्याख्यान म्हटलं की उदाहरणं द्यावी लागतात. सिनेमातून जगणं शिकायचं म्हणजे नुसते सिनेमातले प्रसंग सांगून भागत नाही. खऱ्या माणसाचा प्रवास...

चिमणी : 'माझी सख्खी बहीण' म्हणालास. तुला एकच बहीण आहे. तिला एकच मुलगी आहे. बहीण बॅग भरून, तान्ह्या बाळाला घरी टाकून निघाली. वाटेत थिएटर लागलं. पडद्यावरची आई पुलाच्या मध्यावरून मागे फिरली आणि बहीणपण खुर्चीतून उठली. शेजारची बाई डोळे पुसत होती, मामा. मला म्हणाली, 'किती छान सांगतात ना हे.' मी म्हटलं, हो.

भाऊ : चिमणे...

ताई : तिला हात लावू नकोस आत्ता.

भाऊ : ताई, मी नाव घेतलं का? गावाचं, भावोजींचं, कुणाचं? ओळखणार कोण आहे?

ताई : जिने ओळखायला नको होतं, तिने ओळखलं. आणखी कोण पाहिजे?

भाऊ : तुम्ही बसला असाल हे मला स्वप्नात तरी आलं असतं का? तुला कधी वेळच नसतो. हॉस्पिटलची ड्युटी, नाहीतर झोप. 'तुझे व्हिडिओ बघते की घरी' म्हणतेस.

ताई : बघते. एकूण एक बघते. वॉर्डात सगळ्यांना सांगते, हा माझा भाऊ. हा प्रसंग मात्र कुठल्याच व्हिडिओत नाही. का नाही ते आज कळलं.

भाऊ : म्हणजे?

ताई : ही गोष्ट सुरू करताना तू कॅमेऱ्यावाल्याला हात केलास. असा. त्याने कॅमेरा बंद केला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. सवयीने. मग मला सांग, कितव्यांदा?

भाऊ : आता ते कशाला?

ताई : मी विचारतेय.

भाऊ : सुरुवातीपासून. म्हणजे, नेहमी नाही. जवळजवळ नेहमी.

ताई : चुकून निघालं असतं तोंडातून, तर मी गिळलं असतं रे. पण तुला पक्कं ठाऊक होतं. मला कळता कामा नये हेही ठाऊक होतं, आणि सांगायचं सोडायचं नाही हेही.

भाऊ : लोकांना फायदा होतो, ताई. शपथ सांगतो. मागे एक गृहस्थ आले, मुलाशी बोलणं टाकलेलं. म्हणाले, आज घरी जाऊन मी आधी बोलणार. तुझ्या एका प्रसंगाने घर जुळलं. यात तुला काहीच वाटत नाही?

ताई : माझ्या वॉर्डात लोक काय काय सांगतात मला. नवऱ्याला नाही सांगत ते सांगतात. त्यातलं एक जरी मी बाहेर बोलले, तर लोकांना पुष्कळ फायदा होईल. बोलते का?

भाऊ : ते तुझं काम आहे.

ताई : आणि तू माझा भाऊ होतास.

चिमणी : बाबांना माहीत आहे?

ताई : नाही.

चिमणी : आजीला?

ताई : कुणालाच नाही. फक्त याला. कारण तुला याच्याच हातात देऊन गेले होते. 'दुकानात जाऊन येते' म्हणाले. परत आल्यावर याच्यापुढे हात जोडले, कुणाला सांगू नकोस. हा म्हणाला, 'मेलो तरी नाही सांगणार.'

भाऊ : आणि माझं काय? ती दुपार काय तुझ्या एकटीची होती? मी कॉलेजातलं पोरगं. हातात तीन महिन्यांचं बाळ, रडून रडून लालबुंद झालेलं. कपाट उघडं, तुझ्या साड्या नाहीत. मला दूध कसं पाजतात माहीत नव्हतं. चमच्याने साखरपाणी पाजत होतो आणि स्वतः रडत होतो. अंधार पडायला आला, तरी तुझा पत्ता नाही. तू आलीस तेव्हा मी विचारलं, होतीस कुठे? तू म्हणालीस, सिनेमाला. बस, एवढंच. पुढे कधी एक शब्द नाही बोललीस.

ताई : बोलण्यासारखं नव्हतं.

भाऊ : मला हवं होतं ना! दुसऱ्या दिवशी मी गेलो त्या थिएटरात, गावात होतंच एक. तोच सिनेमा. ताईला परत पाठवलं ते या सिनेमात कुठे आहे, शोधत बसलो. पुन्हा गेलो. पुन्हा गेलो. शेवटी तो पूल सापडला. ती बाई मध्यावर थांबते, मागे वळते. मी तिथे हमसून हमसून रडलो. आज मी जो काही आहे ना, तो त्या खुर्चीत झालो. सिनेमा माणसाला वळवू शकतो हे मला तू शिकवलंस. ते लोकांना नको सांगू?

ताई : पूल होता का त्यात?

भाऊ : काय?

ताई : मला माहीत नाही. मी पाहिलाच नाही तो सिनेमा.

भाऊ : असं काय करतेस? तिकीट काढलंस ना?

ताई : काढलं. बाहेर ऊन रणरणत होतं, आत अंधार होता आणि गार होतं. बसले, आणि सुरुवातीच्या नावांच्या पाट्या संपायच्या आत डोळा लागला. तीन महिने मी सलग झोपले नव्हते रे. ही दिवसा झोपायची आणि रात्रभर जागवायची. शो सुटल्यावर झाडूवाल्या बाईने हलवून उठवलं. ब्लाउज पुढून ओलाचिंब. दूध भरून छाती दगडासारखी झालेली, हात लावू देत नव्हती. उठले आणि घरी आले.

भाऊ : एवढंच?

ताई : एवढंच. झोप झाली होती आणि दुखत होतं.

भाऊ : मग तू तेव्हा का नाही सांगितलंस मला?

ताई : तू विचारलंस कधी? लोकांना सांगायला लागलास, मला नाही विचारलंस.

भाऊ : इतकी वर्षं... ताई, हे खोटं सांगत नाहीयेस ना? माझ्यावर रागावून?

ताई : तुझ्यासारखं रंगवता आलं असतं, तर आधीच सांगितलं असतं.

भाऊ : मग मी आता आत जाऊन काय बोलू? पाच मिनिटांत घंटा होईल. शेवट त्याच प्रसंगावर आहे माझा. बहीण दार उघडते, बाळाला उचलते, तिथे सगळा हॉल उभा राहतो.

ताई : टाळ्यांची जागा ती.

भाऊ : तसं म्हणू नकोस.

ताई : तूच ठेवलीस तिथे, मी फक्त नाव दिलं. काय बोलायचं ते तू बघ. मला मागच्या दाराने जाऊ दे. त्या शेजारच्या बाईसमोरून पुन्हा जायचं त्राण नाही माझ्यात.

चिमणी : आई.

ताई : हं.

चिमणी : साड्या नेल्या होत्यास ना पण? ते खरं आहे ना?

ताई : खरं आहे.

चिमणी : म्हणजे परत यायचं नव्हतं तुला.

ताई : घरातून निघाले तेव्हा नव्हतं. तुझ्याशी खोटं नाही बोलणार.

चिमणी : मी काय केलं होतं?

ताई : अगं, तू काय करणार? बोटाएवढी होतीस. तू काहीच केलं नव्हतंस. ऐक, आदल्या रात्री काय झालं होतं, माहीत आहे? तुझे बाबा...

चिमणी : थांब, आई. इथे नको. गाडीत सांग.

ताई : इथे का नको? दार बंद आहे.

चिमणी : मामा ऐकतोय.