हेस्टरचा सदरा आणि माया

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, शाळा समितीच्या प्रमुख मिसेस ऑल्नी; आमचे मुख्याध्यापक मिस्टर कॅडी; ज्यांच्यासाठी आपण सगळे चांगले कपडे घालून आलो ते आज निवृत्त होणारे इतिहासाचे फोंतेस सर आणि त्यांच्या पत्नी; व्यासपीठावरचे इतर मान्यवर, आजी-माजी सहकारी, विद्यार्थी, पालक, आणि शेवटच्या रांगेत कॉफीदुधाचे पेले घेऊन बसलेल्या, अजूनही कुजबुजणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थिनींनो,

मी ल्युसील देरोशर. या रॅथबन हायस्कूलमध्ये मी एकतीस वर्षं शिवण शिकवलं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली. मला आज पाच मिनिटं दिली आहेत आणि सोबत एक चिठ्ठी दिली आहे: बोलणं हलकंफुलकं असावं आणि अभ्यासक्रमाचा विषय टाळावा. चिठ्ठीवर सही नाही, पण अक्षर मी ओळखते. मिस्टर कॅडी, तुमचा 'अ' अजून सुधारलेला नाही.

अभ्यासक्रमाचा विषय टाळून फोंतेस सरांबद्दल काय बोलू? सरांचे मोजे कधी जुळत नाहीत, एवढं सांगून खाली बसू? अकरावीच्या वर्गाला सर दर हिवाळ्यात तीन आठवडे गुलामगिरी आणि यादवी युद्धाच्या आधीच्या सुधारणा शिकवतात. पुढच्या वर्षापासून त्याचे दोन दिवस होणार आहेत. 'सुधारणेचं युग' असं नाव, एक पोस्टर, आणि काचेच्या कपाटातले सव्वीस सदरे नीट जपण्यासाठी खोक्यात. नीट जपणं म्हणजे काय ते मला कळतं. माझ्या सासूबाईंचं चांगलं तबक असंच जपून ठेवलं होतं, ते आम्हाला त्या वारल्यावर दिसलं.

तर मी सदऱ्यांबद्दल बोलणार आहे.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. फोंतेस सर माझ्या शिवणवर्गात एक कागद घेऊन आले. गावच्या वाचनालयात गिरणीची जुनी पत्रं आहेत, त्यातल्या एका पत्राची ती नक्कल होती. ओबडाया रॅथबन, ज्यांचं तैलचित्र माझ्या डाव्या हाताला आहे आणि ज्यांचं नाव या इमारतीवर आहे, त्यांची ही गिरणी. तिच्यात एक कापड विणलं जायचं, कमी लोकर आणि जास्त सूत असं, जाडंभरडं. ते दक्षिणेतल्या मळ्यांवर जायचं, गुलामांच्या कपड्यांसाठी. गिरणीच्या वह्यांत त्या कापडाला एक नाव आहे, ते मी मुलांसमोर उच्चारणार नाही. त्यातलं सूत कुठून यायचं? त्याच मळ्यांवरून. ज्यांनी कापूस वेचला त्यांच्याच अंगावर तो आमच्या नदीच्या पाण्यावर विणून परत.

पत्र एका मळेवाल्याचं होतं, ऑक्टोबरातलं. एक्केचाळीस नावं, प्रत्येकापुढे उंची, आणि खाली सूचना. सर म्हणाले, "ल्युसील, या मापाचे कपडे मुलांकडून शिवून घेता येतील का?"

मी यादी वाचायला लागले. वयं लिहिलेली नव्हती. सरांनी तो कागद पाच वर्षं वर्गात वाचला होता, त्यांच्यासाठी ती एक्केचाळीस नावं होती. मी शिवणवाली बाई, मला मापं दिसतात. मी बोट ठेवत गेले: हा मोठा माणूस. ही बाई. हा तेरा-चौदाचा असेल. ही हेस्टर, तीन फूट नऊ इंच, सात वर्षांची. हा इथला दोन फूट सात, हा नुकता चालायला लागलाय.

सर स्टुलावर बसले. मग म्हणाले, पुन्हा सांग, पेन्सिलीने लिहून घेतो.

आता मला काय वाटलं तेही खरं सांगते. मला राग आला. सरांचाच आला. माझी आजी क्वेबेकहून आली आणि त्याच गिरणीत बॉबिन बदलत म्हातारी झाली. आमच्या घरात त्या गिरणीचं नाव मान खाली घालून नाही, मान वर करून घेतात. मी म्हटलं, आम्ही तर युद्ध संपल्यावर आलो, आम्हाला कशाला यात ओढता? पुढे एका पालकानेही त्यांना हेच सुनावलं, वर सरांच्या रंगाकडे बघून म्हणाला, हा तुमचा घरचा विषय आहे. सरांनी शांतपणे सांगितलं की त्यांचे आजोबा आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दी बेटांवरून एका गळक्या जहाजातून क्रॅनबेरी तोडायला आले, तेव्हा रॅथबन मरून चाळीस वर्षं झाली होती. "तुम्ही नंतर आलात, मी नंतर आलो. मग इथे राहणाऱ्यांपैकी हा विषय कोणाचा आहे ते सांगा, मी त्याला बोलावून आणतो."

पत्रातल्या सूचनेकडे येते. मुलांचे सदरे, मुलगा-मुलगी दोघांना एकच लांब सदरा, मापाबरहुकूम कापावेत. माया, म्हणजे आत दुमडायचं जादा कापड, सोडू नये. पुढच्या वर्षी नवी मापं पाठवू.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या सिस्टर सेंट-ओडिलॉन सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान मुलींच्या डोक्यावर वाजवून शिवण शिकवायच्या. लहान मुलाचा कपडा वाढत्या अंगाचा शिवायचा, खाली दोन इंच दुमडायचे, हे मी प्रार्थनांच्याही आधी शिकले. माया न सोडणारी बाई आळशी असते किंवा दुष्ट, तिसरा प्रकार नाही, असं सिस्टर म्हणायच्या.

तर मुलांनी यादीतली सव्वीस नावं निवडली, मी कापून दिलं, त्यांनी शिवलं. आणि लहानांच्या प्रत्येक सदऱ्याला मी खाली दोन इंच ठेवले. कोणाला विचारलं नाही. उंची पत्राप्रमाणेच होती, दुमड आत होती. बाहेरून कोणाला कळणार?

फोंतेस सरांना कळलं. त्यांनी एक सदरा उलटा केला.

"हे दोन इंच कुठून आले?"

"माझ्याकडून."

"पत्रात नाहीत."

"पत्र लिहिणाऱ्याने जन्मात सुई धरली नव्हती."

"मिसेस देरोशर," ते म्हणाले. एरवी ते मला ल्युसील म्हणतात. "हे दोन इंच हेस्टरला मिळत नाहीत. तुम्हाला मिळतात."

मी त्यांना काय उत्तर दिलं ते या सभागृहात सांगण्यासारखं नाही. आम्ही चार दिवस बोललो नाही. शिक्षकांच्या खोलीत ते आले की मी कप घेऊन बाहेर. मला वाटे, या माणसाला काळीज आहे का? मुलांच्या हातून असं शिवून घेतो? त्याच वर्षी शेजारच्या गावात एका शिक्षकाने वर्गात फरशीवर खडूने गुलामांचं जहाज काढून मुलांना त्यात आडवं झोपवलं होतं. मुलं हसली, काही रडली, शिकलं कोणी काहीच नाही. मला वाटलं, हेही तसलंच. पण तसलं नव्हतं. सर कोणालाही हेस्टर व्हायला सांगत नव्हते. ते सांगत होते, गिरणीत बसा. कात्री तुमच्या हातात आहे. पत्र आलंय. आता काय कराल?

पाचव्या दिवशी मी वर्गाला सांगितलं, उसवा. दुमड कापायची आहे. जोसलिन पाकेत नावाची मुलगी होती, च्युइंगम चघळत सगळ्यात वाकडे टाके घालणारी. तिने सदरा उसवला, कात्री लावली, आणि मान वर न करता विचारलं, "मापं ऑक्टोबरात घेतली. ही मुलगी मार्चमध्ये वाढली तर?"

वर्गात मी होते, सर होते, बाकीची पंचवीस मुलं होती. सरांनी तो प्रश्न तसाच फळ्यावर लिहिला.

त्यानंतर सरांनी सुधारकांचा धडा घेतला. आधी नाही, हे लक्षात घ्या. ओबडाया रॅथबन यांनी दारूबंदीसाठी भाषणं केली, तुरुंगातल्या कैद्यांसाठी खिडक्या मागितल्या, मुलींची शाळा काढली, आणि गुलामगिरीविरोधी सभेच्या ठरावावर तिसरी सही त्यांची आहे. सही खरी आहे. सरांनी त्यांना कधी ढोंगी म्हटलं नाही. मुलं म्हणायची, तेव्हा सर त्यांना अडवायचे: ढोंगी म्हटलं की काम संपलं, घरी जाता येतं. याच गावात सात-आठ बायका होत्या ज्यांनी गुलामांनी पिकवलेला कापूस आणि साखर सोडली. त्या जाड तागाचे कपडे घालायच्या, त्यांचा केक कोणी खायचं नाही, लोक त्यांना हसायचे. त्यांची नावं इमारतीवर नाहीत. सरांनी तीही शिकवली. माणूस सही करतो तेव्हा त्याच्या अंगावर कुठलं कापड होतं, हे मुलं स्वतःहून विचारायला लागली. मिसेस ऑल्नी, गावाची बदनामी झाली अशी तक्रार समितीकडे आली आहे म्हणे. अकरावीतल्या मुलाला प्रश्न विचारता आला ही जर बदनामी असेल, तर आपण शाळा कशासाठी चालवतो?

हो, मला घड्याळ दिसतंय, मिस्टर कॅडी.

आता एक गोष्ट, जी फोंतेस सरांनाही माहीत नाही. सव्वीस सदऱ्यांपैकी लहान मुलांचे नऊ होते. त्या दिवशी वर्गाने आठांची दुमड कापली. नववा, हेस्टरचा, मी म्हटलं मी करते, आणि घरी नेला. टेबलावर पसरला. कात्री घेतली. मग कात्री ठेवली आणि ती दुमड आणखी एकदा दुमडून बारीक टाक्यांनी सपाट बसवून टाकली. दुसऱ्या दिवशी सरांना म्हटलं, झालं. त्यांनी पुन्हा उलटा करून पाहिला नाही, कारण कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बाई खोटं बोलत नाही अशी त्यांची समजूत आहे.

एकोणीस वर्षं तो सदरा कपाटात आहे. खाली पट्टी आहे, 'मूळ पत्राबरहुकूम'. ती पट्टी खोटी आहे आणि खोटं माझं आहे. सर, चष्मा घाला, असं बघू नका माझ्याकडे.

हे मी मन हलकं करायला सांगत नाही. मला कारण कळतं, पत्र पाठ आहे, सरांशी भांडून मी स्वतः हरले आहे, आणि तरी मी खोटं केलं. मला बरं वाटावं म्हणून. मग दोन दिवसांत, पोस्टरवर, सोळा वर्षांची मुलं काय करतील? तेच करतील. प्रत्येकजण आपापले दोन इंच आत दुमडेल आणि बाहेरून माप बरोबर येईल.

हेस्टरचा सदरा दुरुस्त व्हायला हवा. माझ्या हातून तो कापला जाणार नाही, हे मी आजही सांगते. तो पुढच्या वर्षीच्या वर्गाने कापला पाहिजे, आधी पत्र वाचून, आधी भांडून. त्याला तीन आठवडे लागतात. आणि वर्ग लागतो.

मिसेस ऑल्नी, तुमच्याकडून मी इथे उत्तर मागत नाही. समितीची जाहीर बैठक मंगळवारी आहे. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव तिसरं आहे आणि तिथे चिठ्ठी चालत नाही.

फोंतेस सरांच्या जागी येणाऱ्या मिस सायासेंग तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुमचे आईवडील लाओसहून आले, तुम्ही तर आम्हा सगळ्यांच्या नंतरच्या. हे तीन आठवडे शिकवाल का, असं मी तुम्हाला विचारत नाही. तुमची नोकरी नवी आहे, कायम व्हायची आहे, आणि ज्यांनी ती कायम करायची ते इथे वर बसले आहेत. तुम्ही गप्प बसलात तर कोणी काही म्हणणार नाही, मी तर नाहीच.

नको म्हटलं ना मी. खाली घ्या तो हात.

बरं. मागच्या रांगेतल्या मुलींनो, हात दिसला का? नसेल दिसला तर उभं राहून बघा. बाई अजून हात खाली घेत नाहीयेत.

व्यासपीठाने मला बोलायला दिलं आणि मधे थांबवलं नाही, त्याबद्दल मी आभारी आहे. पाच मिनिटांची मी पंधरा केली आणि टाळायला सांगितलेला विषय टाळला नाही. त्याबद्दल, आणि मिस्टर कॅडींच्या अक्षराबद्दल बोलले त्याबद्दल, सभेने मला क्षमा करावी. सदऱ्याची क्षमा सभेच्या हातात नाही. ती फोंतेस सरांकडे मागायची आहे, आणि मी त्यांना ओळखते. ते म्हणतील, माझ्याकडे कशाला मागतेस?