पडलेल्यांचे डोळे

दीपिका: ते भिंग जरा इकडं द्या, भावजी.

बिरू: हात लावू नका वैनी, रंग ओला हाय.

दीपिका: लावत न्हाई. बोटाच्या पेराएवढा सैनिक, त्याला बूट, पट्टा, बटनं सुद्धा? डोळे जायचेत तुमचे.

बिरू: बटनं जल्दी होतेत. एकेक सैनिक घेऊन बसलो तर यष्टी काय, ताडकळसचा पुढला बाजार बी निघून जाईल. आधी सगळ्यांच्या विजारी, मग सगळ्यांचे पट्टे, मग बूट. वरून काळं पाणी सोडायचं, सुरकुत्यांत आपोआप सावली बसती.

दीपिका: आन तोंडं?

बिरू: तिथंच वेळ जातो. गिऱ्हाईक तोंडच बघतं. पुण्याचा माणूस हाय, टेबलावर डोंगर-नदी मांडून दोस्तांसंगं लढाई खेळतो. उद्या त्यांचा मोठा खेळ हाय. आता यष्टीनं परभणीला डबा नेला तर ट्रॅव्हल्समधून सकाळी पुण्यात.

दीपिका: ह्याच्या हनुवटीवर काय हाय?

बिरू: कुठं?

दीपिका: डाव्या अंगाला, पांढरी रेघ. ह्याला बी हाय. ह्याला बी. भावजी, ही सगळी तुमच्या दादाची तोंडं हायेत.

बिरू: ओळखलं का? मला वाटलं हसाल. मनानं नवं तोंड काढायचं म्हणलं की हात अडतो. दादाचं तोंड हाताला पाठ हाय. ल्हानपणी एडक्यानं मारलेली ती खूण टाकली की झालं. जल्दी बी होतं आन माणूस जित्ता बी वाटतो. तसा तो खरा फौजी हायच की.

दीपिका: उभ्यांचं ठीक हाय. हे पुठ्ठ्यावर आडवे पडलेत ते कोण?

बिरू: ते मेलेले. म्हणजे खेळात. एखादा गेला की उभा उचलायचा आन त्याच्या जागी त्याचाच पडलेला ठेवायचा. म्हणून तोंड तेच लागतं.

दीपिका: आन तुमी तुमच्या हातानं हे केलं.

बिरू: वैनी, खेळणं हाय.

दीपिका: देव्हाऱ्यात चांदीचे टाक हायेत, ते कोणाचे?

बिरू: आजोबाचा, बाबाचा.

दीपिका: जित्या माणसाचा टाक केलाय का आपल्यात कधी कोणी? सोनार सुद्धा आधी विचारतो, माणूस गेलाय ना म्हणून. मगच पत्र्याला हात लावतो.

बिरू: ती चांदी, हे प्लास्टिक.

दीपिका: तोंड तर ह्यांचंच हाय ना? वरच्या चौकीवर चाललोय, तिथं रेंज नसती, इतकंच बोलले आन बाजाराच्या दिवसापासून फोन लागंना. तुमी हे आडवे कधी धरले हातात?

बिरू: सामान आलं त्या दिवशी.

दीपिका: कधी आलं सामान?

बिरू: बाजाराच्या दिवशी. पण त्याचा आन ह्याचा काय संबंध?

दीपिका: संबंध हाय असं मी कुठं म्हणले? मला लय भ्या वाटायलंय, इतकंच.

(बिरूची आई भिवराबाई भिंत चाचपत आत येते.)

भिवराबाई: काय कुजबूज लावलीय? रामकिशनची खबर आली का?

दीपिका: न्हाई आत्या. रेंज नसंल.

भिवराबाई: फौजेत जाऊन मेंढरागत डोंगर चढायलंय पोरगं. हे काय लागलं माज्या हाताला? बिरू, ह्यो बाहुला आडवा काहून रं?

बिरू: झोपलाय, आई.

भिवराबाई: बूट घालून?

बिरू: दमलाय लय.

भिवराबाई: मग निजू दे. मला काय दिसत न्हाई, तुमचं चालू द्या. शेरडाला पानी दावून येते.

दीपिका: ऐकलं?

बिरू: ऐकलं वैनी. आता काय करू सांगा. तोंडं पुसून दुसरी काढू?

दीपिका: ह्यांचं तोंड पुसता? नगं. ह्या पडलेल्यांचे डोळे काहून मिटलेत?

बिरू: मिटले न्हाईत, काढलेच न्हाईत. मेलेल्याचे डोळे कोण बघतंय? एक काळी रेघ ओढली की भागतं. तेवढाच वेळ वाचतो.

दीपिका: नका वाचवू. उघडे करा सगळ्यांचे.

बिरू: वैनी, हे जल्दीचं काम न्हाई. आधी पांढरं, त्यात काळा ठिपका, हात हलला की माणूस चकणा. यष्टी हमखास चुकंल. ह्या गिऱ्हाइकाचं काम लय मिनतवारीनं मिळालंय.

दीपिका: चुकू द्या. पाया पडते तुमच्या.

बिरू: असं बोलू नका. बत्ती जवळ धरा. आन बोलू नका आता.

दीपिका: झाला?

बिरू: एक झाला. बघा भिंगातून.

दीपिका: बघायलेत. माझ्याकडंच बघायलेत. पुढचा घ्या.

बिरू: तुमचा फोन वाजायलाय.

दीपिका: ह्यांचाच हाय! आत्या, ह्यांचा फोन आलाय. हॅलो? अहो, कुठं होता इतके दिवस? ... जी. जी हां, उनके घर से.

बिरू: दादासंगं हिंदीत काहून बोलता, वैनी?

दीपिका: नंबर ह्यांचाच हाय.

बिरू: मग?

दीपिका: बोलणारा दुसरा कोणी हाय. घरात मोठं माणूस कोण हाय, असं विचारायलाय.

भिवराबाई: (भिंत चाचपत परत येत) रामकिशनच हाय ना गं? मला दे, मी बोलते.

बिरू: वैनी...

दीपिका: तुमी थांबू नका भावजी. डोळे रंगवा.