सबोहतताईंचा तमाशा

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय कृष्णकांतकाका, प्रमुख पाहुण्या इरीन मॅडम, आपल्या मस्कतच्या मराठी मंडळाचे सर्व पदाधिकारी, रुवी, अल् घुब्रा आणि पार अल अमेरातहून आलेले रसिक, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलोय त्या सबोहतताई, सगळ्यांना माझा नमस्कार.

मला तीन मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिलाय, ताईंनी मंडळासाठी केलेलं शिवणकाम. ताई छान शिवतात. विषय संपला. आता उरलेला वेळ माझा.

निमंत्रणात तुम्ही वाचलं असेल, 'रशियन भगिनी'. ताई रशियन नाहीत. त्या ताजिकिस्तानच्या, दुशान्बे शहराच्या. इथले अरब आपल्याला सरसकट 'हिंदी', म्हणजे भारतीय, म्हणतात, तेव्हा आपण मनातल्या मनात 'मराठी, मराठी' करतो ना? मग एवढं तरी आपल्याला कळायला नको?

एकोणिसाव्या वर्षी त्या रंगभूमीवर आल्या. पुढे नऊ सिनेमे केले. त्यातल्या सातांत आपण विहिरीवर पाणी भरतोय, असं त्याच हसत सांगतात. मग देशात यादवी पेटली. थिएटर गारठलेलं, प्रेक्षक कोट घालून बसलेले आणि ह्या स्टेजवर उन्हाळ्यातली नवरी म्हणून पातळ रेशमात. एकदा समोर फक्त अकरा माणसं होती. मी विचारलं, प्रयोग रद्द का नाही केला? म्हणाल्या, ते अकरा जण बर्फातून चालत आले होते.

मुलीला मस्कतमध्ये हॉटेलात नोकरी लागली, तिच्याबरोबर त्या इथे आल्या. रुवीत भिकाजीमास्तरांच्या दुकानात शिवायला बसल्या. मास्तर आमच्या नाटकांचे कपडे करतात, म्हणून ताई तालमीला यायला लागल्या. हिंदी त्यांना सिनेमे बघून येत होतीच.

गेल्या वर्षीचं, दोन हजार सोळाचं नाटक आठवत असेल. मीच लिहिलेलं, त्यामुळे अर्ध्या लोकांना कळलं नाही, ते सोडा. प्रयोगाला पाच दिवस असताना शीलाताईंना आईच्या आजारपणामुळे रत्नागिरीला जावं लागलं. मुख्य भूमिका खलास. आम्ही डोकं धरून बसलो होतो, तेवढ्यात ब्लाउजला हुक लावता लावता सबोहतताई पुढचं वाक्य बोलल्या. मग त्याच्या पुढचं. तीन महिने नुसतं ऐकून सगळी भूमिका पाठ.

मी कमिटीला म्हटलं, ह्याच करतील. ताई समोरच होत्या. त्यांना काय कळतंय, असं समजून कमिटीतले एक जण, नाव घेत नाही, ते आत्ता पाणी पितायत, मराठीत म्हणाले, "असल्या बाईला उभं केलं तर तमाशा होईल. मंडळाची अब्रू जाईल."

आता गंमत अशी, की हे दोन्ही शब्द ताईंच्या भाषेत आहेत. अब्रू म्हणजे अब्रूच. पण तमाशा म्हणजे खेळ, लोकांनी यावं आणि बघावं अशी गोष्ट. ताईंनी सुई खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "तमाशे से आबरू जाती है? हमारे यहाँ तो तमाशे से ही आती है."

भूमिका ताईंना मिळाली. प्रयोग झाला.

पहिल्या वाक्याला तुम्ही हसलात, कारण त्यांचा 'ळ' चुकला. चौथ्या वाक्याला कोणी हसलं नाही. शेवटी तुम्ही उठून टाळ्या वाजवल्यात, मी विंगेतून पाहिलंय. आणि नंतर स्मरणिकेत काय छापलं? 'मुख्य भूमिका: शीला परब.' स्वतः शीलाताईंनी मला फोन केला, अगं, मी तर रत्नागिरीत होते, हे काय छापलंय?

आज ह्या टेबलावर स्मृतिचिन्ह ठेवलंय. त्यावर कोरलंय, 'वेशभूषा साहाय्याबद्दल'. भिकाजीमास्तर, रागावू नका, शिवणकामाला मी कमी लेखत नाही. पण मुलीचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, सोमवारी दोघी परत चालल्या. हे त्यांच्या घरच्या भिंतीवर लागणार. तीस वर्षं नाटक केलेल्या बाईच्या भिंतीवर, की मस्कतमध्ये हिनं हुक लावले.

कोरलेलं आज बदलणार नाही, ठीक आहे. पण देताना काय बोलायचं हे तर आपल्या हातात आहे? कृष्णकांतकाका, 'अभिनेत्री सबोहत' असं म्हणून द्या. तुम्ही मान हलवताय, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मागच्या रांगेला कळत नाहीये. तोंडानं सांगा. तोवर मी माइक सोडत नाही.

...

'हो' म्हणाले. ऐकलंत ना सगळ्यांनी? ताई, उठा, पुढे या.

मंडळाचे, मास्तरांचे आणि इतका वेळ बसून राहिलात म्हणून तुमचे मनापासून आभार. वेळ जास्त घेतला, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर लहान समजून पोटात घाला. बोलले त्यातलं मात्र काही मागे घेत नाही.