अण्णांच्या लाल गाडीले जीपची मूठ

मी मूळचा मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, बाळू मिस्तरी म्हणा मले, सारे तेच म्हणतात. दिवाळी झाली का याडी, म्हणजे माय, अन् बा ऊसतोडीले जात, ट्रकमंधी मांगं माणसं, भांडे, बकऱ्या, अन् मले डायवर केबिनमंधी घे, काहून का मी रडत नसो. काय सांगू तुमाले, सारे रस्ता पाहत अन् मी डायवरचा डावा हात पाहो. गिअरच्या मुठीवर ठेवलेला तो हात, अन् त्याच्या इशाऱ्यानं एवढा मोठा ट्रक आवाज बदले. मले वाटे हातालेच रस्ता समजते. तवापासून मले दुसरं काई करावंच वाटलं नाई.

आता मालेगावात वाशीम रोडले माहं ग्यारेज हाये. तिथंच अण्णांची ओळख झाली. अण्णांची जिनिंग होती, कापसाची, आता बंद हाये, अन् एक लाल गाडी, दोनच सीटची, इतकी बुटकी का बसलं तं जमिनीवर बसल्यावानी वाटे. जुनीच, पण पयाली का पाण्यावरून गेल्यावानी. अण्णा चालवत, बाजूले त्याइची बायको, आमच्या काकू, वावरातल्या बाया निंदण सोडून उभ्या राहत. मीबी हातातला पाना तसाच धरून पाहत राहो, काय करता.

मंग अण्णाले लकवा मारला, डाव्या बाजूनं. पाय आला हळूहळू, बोलणं आलं, पण डाव्या हाताची बोटं मिटेनात. एक दिवस काकू आटोत बसून ग्यारेजवर आल्या. बाळू, म्हणे, हे सकाई जाऊन त्या गाडीत बसतात, जिनिंगच्या शेडमंधीच, उजवा हात स्टेरिंगवर, डावा मांडीवर, जेवाले बोलावलं तरी उठत नाईत, अन् पोरगा पुण्याहून गाडीले गिऱ्हाईक घेऊन येऊन राह्यला रविवारी, तू काईतरी कर. म्या म्हटलं, काकू, आटोमॅटिक गाडी घ्या ना. त्या म्हणे, त्याइले गाडी नको रे, त्याइले हेच गाडी पायजे. डॉक्टरले इचारून आली मी, डोये चांगले हायेत, पाय चालते, बोटं तेवढी नाईत.

म्या गाडी पाह्यली. गिअरची मूठ स्टीलची, लिंबाएवढी, गुळगुळीत, बोटांनी धरल्याबिगर हालत नाई. अण्णांची बोटं घसरत. म्हटलं, तळहातानं ढकलता येईन अशी रुंद मूठ पायजे. भंगारातून ट्रकची आणली, लय जड निघाली, खड्ड्यात गाडी गेली का दुसरा गिअर आपोआप सुटे. मंग एका जुन्या जीपची भेटली, काळी, हलकी, वरून चपटी. पण तिचे आटे मोठे, लाल गाडीच्या दांडीचे बारीक. लेथवाल्या रफीकभाईकडून पितळी बुश, म्हणजे मधातली नळी, करून घेतला, आत गाडीचे आटे, बाहेरून जीपचे, खाली नट टाईट केला. लाल गाडीत ते काळी मूठ अशी दिसे, जसा नवरदेवाच्या डोक्यावर शेतकऱ्याचा रुमाल. काकू हासल्या. अण्णा नाई हासले, त्याइनं तळहात ठेवला अन् डोये मिटले.

एक गोष्ट तेवढी राह्यली. रिव्हर्सले मुठीखालची रिंग वर ओढा लागे, अन् ते बोटांचंच काम. म्या मान खाली घातली. काकू बाजूच्या सीटवर बसल्या, वाकल्या, दोन बोटांनी रिंग उचलली. अण्णानं तळहातानं मूठ ढकलली. गाडी मांगं सरकली, शेडच्या बाहेर, उन्हात. 

पह्यले अण्णानं जिनिंगच्या आवारातच फिरवली, मी बाजूले बसलो. मंग रविवारी अण्णा मले म्हणे, तू उतर, हिले बसू दे. फाटकातून गेले. तुरी पिवळ्याजर्द फुलल्या होत्या, त्यात तो लाल ठिपका लहान होत गेला. मी फाटकातच उभा राह्यलो. तेवढ्यात पोरगा गिऱ्हाईक घेऊन पोचला, म्हणे गाडी कुठं? म्या म्हटलं, फिराले गेली. तो भडकला, तुमी वेडे झाले काय मिस्तरी? तितक्यात आवाज आला, तिसऱ्यातून दुसऱ्यात, एकदम मऊ. दोघं आले, काकूचे केस सारे उडालेले. फाटकाजवय वाकून काकूनं रिंग उचलली, गाडी मांगं येऊन शेडमंधी लागली. पोरगा पाहतच राह्यला. मंग गिऱ्हाइकाले म्हणे, चहा घ्या अन् जा, गाडी नाई इकाची.

औंदा अण्णांचा हात अजून थकला, ढकलणंबी होत नाई. मले वाटलं झालं आता. पण अण्णा क्लच दाबतात, स्टेरिंग धरतात, अन् म्हणतात, आता. काकू गिअर टाकतात. आवारात अन् ग्यारेजच्या मांगून जाते त्या वावराच्या वाटेनं तेवढं, हळूहळू.

उन्हं कलली का मी ग्यारेजसमोर खाटेवर पडून राहतो, डोया लागते न लागते तं तो आवाज येते, गाडी आवाज बदलते, अन् मले झोपेतच समजते का गिअर काकूनं टाकला, त्यांचा हात हलका हाये. चालू द्या बापा दोघाइले असंच.